सूनबाईंचा एच-इंडेक्स

फेब्रुवारीतली गोष्ट. मी कोल्हापूरला लेकाकडे गेले होते. सूनबाईंची त्या दिवशी एका संशोधन संस्थेत मुलाखत होती. सकाळी देवापुढे साखर ठेवून गेली होती बिचारी. संध्याकाळी परत आली ती गप्पच. पर्स खुंटीला अडकवली, नातीला उचलून घेतलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी चहा टाकला. जरा वेळानं विचारलं, "कशी झाली गं?"

"तशी बरी झाली, आई. पण माझा एच-इंडेक्स कमी पडला."

मी आपली लगेच म्हणाले, "अगं, मग सांगायचं नाही का आधी? बीट खा, खजूर खा, लोखंडी कढईत पालेभाजी कर. महिन्याभरात वाढेल."

ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग जी हसत सुटली! मला वाटलं होतं हिमोग्लोबिन. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ते पाणी थांबेचना. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे प्रकरण बीट-खजुरानं भागणारं नाही.

आमची सून प्राणिशास्त्रात पीएच.डी. आहे. परिसरशास्त्र आणि उत्क्रांती हा तिचा विषय. म्हणजे कुठला प्राणी कुठे, कसा, कुणाबरोबर राहतो आणि पिढ्यानपिढ्या कसा बदलत जातो, याचा अभ्यास. ती बेडकांवर काम करते. आमच्या विट्यात कुणी विचारलं की मी सांगायची, "बेडूक मोजते." लोक हसायचे, मीही हसायची. पावसाळा आला की गमबूट, बॅटरी आणि वही घेऊन ही आंबोलीकडच्या कातळसड्यांवर जाते. सड्यावरच्या डबक्यांत रात्री बेडूक ओरडतात, त्यांच्या नोंदी करते, अंडी बघते, पाण्याचं तापमान लिहून घेते. पाऊस संपला, डबकी आटली की काम बंद. पुन्हा पुढच्या जूनपर्यंत वाट बघायची.

त्या रात्री नात झोपल्यावर मी तिला म्हटलं, "तो एच-इंडेक्स काय असतो, मला नीट समजावून सांग. मीही जुनी मॅट्रिक आहे."

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि माझी पाककृतींची वही पुढे ओढली. "आई, तुमच्या किती पाककृती बायकांनी उतरवून घेतल्यात?"

हा प्रश्न मात्र माझ्या आवडीचा! मी सांगितलं, खोबऱ्याची वडी अकरा जणींनी, लिंबाचं गोड लोणचं सात जणींनी, दाण्याची चटणी पाच, उपवासाची कचोरी चार, नाचणीचे लाडू दोन आणि मुगाचे आप्पे फक्त एकीनं. तिनं ते उतरत्या क्रमानं लिहिलं आणि म्हणाली, "आता बघा. चौथ्या नंबरची कचोरी चौघींनी घेतलीय. पाचव्या नंबरचे लाडू मात्र पाच जणींनी घेतलेले नाहीत, दोघींनीच घेतलेत. म्हणजे तुमचा एच-इंडेक्स चार. निदान चार पाककृती अशा, की ज्या निदान चार जणींनी उतरवल्यात."

शास्त्रज्ञांचंही असंच. त्यांनी लिहिलेला शोधनिबंध, ज्याला ती 'पेपर' म्हणते, तो वाचून दुसऱ्या कुणी आपल्या निबंधात 'हे अमक्यानं दाखवून दिलंय' असा उल्लेख केला की झालं एक सायटेशन. ज्याचे निदान दहा पेपर प्रत्येकी दहा वेळा उल्लेखले गेलेत, त्याचा एच-इंडेक्स दहा. हा हिशेब 2005 साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या जॉर्ज हर्श नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी सुचवला. इतका सुटसुटीत, की बघता बघता जगभर पसरला. त्यांनी तेव्हा असंही लिहिलं होतं, की मोठ्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाची नोकरी पक्की व्हायला साधारण बाराचा आकडा असावा. मग बेडूकवाले, फुलपाखरूवाले, गवतवाले, सगळ्यांनाच तो आकडा विचारला जाऊ लागला.

मला हिशेब कळला तशी शंकाही आली. आमच्या जाऊबाईंच्या फक्त दोन पाककृती प्रसिद्ध आहेत. त्यांची पुरणपोळी साठेक जणींनी लिहून घेतलीय आणि आमटी तिघींनी. म्हणजे त्यांचा एच-इंडेक्स किती?

"दोन," सून म्हणाली.

"म्हणजे त्यांच्यापेक्षा मी वरचढ?" मला आनंद व्हायला हवा होता, पण पटेना. त्यांची पुरणपोळी खाल्लेलं कुणीही हे मान्य करणार नाही. शेजारच्या वहिनींच्या वीस साध्यासुध्या पाककृती सहा-सहा जणींनी घेतल्यात, त्यांचा आला सहा. त्या आम्हा दोघींच्या वर! एक मोठं काम करणारी मागे आणि पुष्कळ मध्यम कामं करणारी पुढे, असंही या हिशेबात होतं.

"मग हे मोजायचंच कशाला?" मी विचारलं. त्यावर सूनबाई मला वाटलं होतं तशी तावातावानं बोलली नाही. म्हणाली, "आई, आकडा नव्हता तेव्हा काय होतं? ओळख. कुणाचा विद्यार्थी, कुणाचा भाचा, कुठल्या मोठ्या शहरातला. आपल्याकडच्या कॉलेजातून शिकलेल्या मुलीला कोण विचारणार होतं? आकडा निदान कुणाचं आडनाव बघत नाही."

तिचं खरं होतं. मोजण्याची सुरुवातही चांगल्या हेतूनंच झालेली. अमेरिकेतल्या युजीन गारफिल्ड यांनी 1955 साली कल्पना मांडली, की कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी केला याची सूचीच करावी, म्हणजे एका कामावरून पुढच्या कामाचा माग लागेल. 1964 पासून अशी सूची निघू लागली. त्यातूनच पुढे 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. म्हणजे एखाद्या जर्नलनं मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला. जर्नल निवडायला उपयोगी पडावं म्हणून काढलेलं हे माप हळूहळू माणसांना लावलं जाऊ लागलं. आपण नाही का, 'कॉन्व्हेंटमध्ये शिकलाय' म्हटल्यावर मुलगा हुशारच असणार, असं धरून चालतो!

पण दोन वर्षं? बेडकांच्या, झाडांच्या, पाखरांच्या अभ्यासात दोन वर्षांत होतं तरी काय? सूनबाईनं मला मेंडेलची गोष्ट सांगितली. मठात राहणाऱ्या या साधूनं वाटाण्याच्या रोपांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आनुवंशिकतेचे नियम शोधले आणि 1866 साली ते छापले. कुणी फारशी दखलच घेतली नाही. 1884 साली ते वारले. 1900 साली तिघा शास्त्रज्ञांनी ते नियम पुन्हा शोधले, तेव्हा जगाला त्यांची महती कळली. डार्विनसाहेबांनी तर समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नकल नावाच्या बारक्या जिवांवर आठ वर्षं घालवली. आजच्या मुलाखतीत त्यांना कुणी विचारलं असतं, "गेल्या तीन वर्षांत काय छापलंत?", तर काय उत्तर दिलं असतं त्यांनी?

इथपर्यंत मी मजेत ऐकत होते. पुढचं ऐकताना मात्र आवंढा गिळावा लागला.

सूनबाईनं तिच्या कॉम्प्युटरवर एक निबंध दाखवला. 2006 सालचा. ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू सायमंड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परिसरशास्त्र आणि उत्क्रांती याच विषयातल्या 168 शास्त्रज्ञांचे पेपर मोजले, बायकांचे आणि पुरुषांचेही. दिसलं असं, की पेपरांच्या संख्येत बायका नोकरीच्या अगदी सुरुवातीच्या वर्षांपासूनच मागे पडतात आणि त्याचा परिणाम पुढच्या उल्लेखांवरही होतो. एच-इंडेक्स हा पेपरांच्या संख्येला बांधलेला. पेपरच पाच असतील तर आकडा सहा होऊच शकत नाही, मग ते पाच कितीही मोलाचे असोत. त्यामुळे सगळ्यांना न्याय देणारं म्हणून आणलेलं हे माप बायकांच्या बाबतीत चांगलंच कलतं, असं त्यांनी लिहिलं. पेपरांची संख्या हिशेबात धरून मग तुलना करावी, असा सुधारलेला आकडाही सुचवला.

सुरुवातीची वर्षं! मैत्रिणींनो, ही वर्षं कुठली असतात ते आपल्याला कुणी सांगायला नको. लग्नाची, बाळंतपणाची, पाळण्याची वर्षं.

मी विचारलं, "तुझा आकडा किती?"

"पाच."

"आणि ज्याला घेतला त्याचा?"

"नऊ. पण आई, मुलगा खरंच चांगला आहे हं. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही."

मग मला तो जून आठवला. नात तेव्हा अकरा महिन्यांची होती. आदल्या वर्षीचा पावसाळा सूनबाईचा बाळंतपणात गेलेला, ते तर निसर्गाचंच. पण त्या जूनच्या आधी तिनं मला फोन केला होता, "आई, दोन महिने कोल्हापूरला येऊन राहाल का? बाळ तुमच्याकडे असलं तर मला सड्यावर जाता येईल. सलग तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या तरच हा पेपर होईल." आणि मी म्हणाले होते, "अगं, बेडूक काय कुठे पळून जाताहेत? पुढच्या वर्षी कर की!" घरात लोणच्याची गडबड होती, भिशीचा नंबर माझ्याकडे होता. शिवाय, खरं सांगते, अकरा महिन्यांचं लेकरू टाकून रात्री-बेरात्री डोंगरावर बेडूक बघत फिरायचं, हे माझ्या मनाला पटलंच नव्हतं.

बेडूक कुठे पळून गेले नाहीत, पण वर्ष गेलं. आधीचा एक पावसाळा होता, मध्ये दोन कोरे गेले. सलग नोंद तुटली म्हणून तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. यंदाचा तिचा तिसरा. मी तेव्हा गेले असते, तर मागच्याच पावसाळ्यात तिन्ही वर्षं पुरी झाली असती आणि मुलाखतीच्या वेळी पेपर निदान तयार तरी असता. मी मनातल्या मनात बोटं मोजली. पेपरच नाही, तर त्याचे उल्लेख कुठून? आणि उल्लेख नाहीत, तर आकडा कुठून वाढणार? तिच्या पाचात माझंही एक वाक्य होतं.

मी हे तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना आई. तुम्हाला कुठे माहीत होतं?" खरंच माहीत नव्हतं. म्हणूनच आज हे लिहायला बसले.

आणखी एक गंमत ऐका, म्हणजे गंमत नाहीच ती. तिचा पहिला पेपर माहेरच्या नावानं छापलेला आणि पुढचे सासरच्या. कॉम्प्युटरच्या लेखी या दोन वेगळ्या बायका! दोघींचे उल्लेख वेगवेगळ्या खात्यात. लग्नात हौसेनं तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, तेव्हा हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंचंही असंच. आपल्या पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं ही कधीकाळी स्वतंत्र जिवाणू होती, हे त्यांनी 1967 साली मांडलं. तो निबंध पंधराएक जर्नल्सनी नाकारल्यावर छापला गेला. छापला गेला तो लिन सेगन या नावानं, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या आडनावानं. पुढची ख्याती झाली ती मार्ग्युलिस म्हणून. आज ती कल्पना शाळा-कॉलेजच्या पुस्तकात आहे. आता या नावाच्या घोळावर उपाय निघालाय. 2012 पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा आकड्यांचा क्रमांक संशोधकांना मिळतो. आडनाव कितीही वेळा बदला, क्रमांक तोच. तुमच्या घरात कुणी मुलगी संशोधन करत असेल, तर पहिला पेपर पाठवायच्या आधी हा क्रमांक घ्यायला सांगा. फुकट मिळतो.

आकड्याच्या मागे धावण्यानं लहान गावात काय होतं, तेही मी बघितलंय. 2010 पासून विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला सुरुवात केली. पेपर छापा, गुण मिळवा. मग पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेनं बांगडी मोडून असे दोन पेपर छापून घेतले होते. वर्गात तिचा हातखंडा, मुलं तिच्या तासाला जागा धरून बसायची. पण त्याला गुण कमी आणि कुणी न वाचलेल्या पेपरला जास्त! 2018 साली आयोगाच्या यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सची नमुन्यादाखल तपासणी झाली, तेव्हा त्यातली 88 टक्के दर्जाला उतरली नाहीत. मग नवी 'केअर' यादी आली. 2025 मध्ये तीही बंद झाली. आता चांगलं-वाईट संस्थांनीच पारखायचं आहे.

आणि जे कुठल्याच आकड्यात बसत नाही, त्याचं काय? आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ यांचे शोधनिबंध जगभर उल्लेखले गेले, त्या मापानंही ते मोठेच. पण पश्चिम घाटावरचा त्यांच्या समितीचा 2011 चा अहवाल, त्यासाठी गावोगावच्या लोकांशी झालेली बोलणी, मराठीतून त्यांनी केलेलं लिखाण, हे कुठल्या रकान्यात घालायचं? गावच्या सभेत एखादी बाई उठून खाणीला विरोध करते आणि त्या अहवालाचा दाखला देते. तोही उल्लेखच की! पण तो एच-इंडेक्समध्ये धरत नाहीत.

हे सगळं शास्त्रज्ञांनाही कळत नाही असं नाही. 2012 साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जमलेल्या जर्नलच्या संपादकांनी एक जाहीरनामा तयार केला, तो पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला. जर्नलच्या आकड्यावरून माणसाची किंमत ठरवू नका, त्याचं काम वाचा, असं त्यात म्हटलंय. 2015 च्या लायडन जाहीरनाम्यानंही आकडे हे जाणकारांच्या पारखीला पूरक असावेत, तिची जागा त्यांनी घेऊ नये, असंच सांगितलं. खुद्द हर्श यांनी 2020 साली लिहिलं, की आपल्या या मापाचे कधीकधी फार वाईट परिणाम होऊ शकतात. युरोपातल्या संशोधन परिषदेच्या अनुदानात आईला प्रत्येक मुलामागे दीड वर्षाची सवलत धरतात. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं 2002-03 मध्ये, खंड पडलेल्या बायकांना संशोधनात परत आणण्यासाठी खास योजना सुरू केली. तेव्हा मुलाखतीत खंडाबद्दल लाजत सांगू नये, अर्जातच स्पष्ट लिहावं. सूनबाईनं या वेळी ते लिहिलंच नव्हतं. "मूल झालं म्हणून सवलत मागते, असं वाटेल," म्हणे!

जाता जाता तिनं मला एका जोडप्याची गोष्ट सांगितली. रोझमेरी आणि पीटर ग्रँट. गालापागोस बेटांतल्या डॅफ्नी मेजर नावाच्या छोट्याशा, ओसाड बेटावर हे दोघं 1973 पासून चाळीस वर्षं दरसाल जात राहिले. फिंच पक्ष्यांच्या चोची मोजायच्या. 1977 च्या दुष्काळात मोठ्या चोचीचे पक्षी जास्त जगले, कारण कठीण बिया फोडणं त्यांना जमलं. म्हणजे उत्क्रांती डोळ्यांदेखत घडताना त्यांनी पाहिली. दोन मुलींनाही ते बरोबर नेत. रोझमेरीबाईंना पीएच.डी. मिळाली 1985 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. 2009 मध्ये दोघांना मिळून जपानचा मोठा क्योटो पुरस्कार मिळाला.

मला त्यातलं एकच वाक्य धरून ठेवावंसं वाटलं. मुली बरोबर होत्या.

मी विट्याला परत आले आणि मंडळात सांगून टाकलं, जूनमध्ये भिशी दुसरीकडे ठेवा. लोणचं यंदा मेमध्येच घालून झालं, बरण्यांना दादरा बांधला. तुमच्या घरातली मुलगी किंवा सून असलं काही मोजत असेल, बेडूक असो, मुंग्या असोत की गवत, तर तिला एवढंच विचारा, "तुझा मोसम कुठला?" आणि तेवढे दिवस तिच्या घरी जाऊन राहा. मी हे चार वर्षं उशिरा विचारलं.

हे लिहितेय ते कोल्हापुरातून. काल रात्री पहिला मोठा पाऊस झाला. सूनबाई गमबूट पिशवीत भरत होती. नात म्हणाली, "आजी, आई बेडकांना भेटायला चाललीय." मी म्हटलं, "हो. आणि यंदा सगळ्यांची नावं लिहून आणणार आहे." सूनबाईनं वाकून नमस्कार केला. मी तिच्या पिशवीत खोबऱ्याच्या वड्यांचा डबा सरकवला आणि म्हटलं, "परतायची घाई करू नकोस गं. इकडचं मी बघते."